तंबूतली दोरी

माझ्या आईला कुणी आवडता सिनेमा विचारला, तर भाजी निवडता निवडताच ती सांगायची, "सामना." विचारणारा जरा थबकायचा. सोवळ्यात यजमानांची पानं वाढणाऱ्या बाईकडून 'श्यामची आई' किंवा 'मोलकरीण' असं काहीतरी ऐकायला मिळेल, अशी त्याची समजूत असायची. एकदा नारायण-नागबळीसाठी विदर्भातून आलेले एक यजमान जेवता जेवता म्हणाले, "वहिनी, तो तर पुरुषांचा सिनेमा." आईनं त्यांच्या पानात भात वाढला, वरण घातलं, तूप सोडलं आणि म्हणाली, "असेल. मला आवडतो."

त्या यजमानांचं तसं चूक नव्हतं. 1975 चा 'सामना' जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट, लेखन विजय तेंडुलकरांचं. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे सहकारातला राजा, आणि डॉ. लागूंचा मास्तर म्हणजे कुठून तरी येऊन पडलेला एक दारुडा. पडद्यावर बराच वेळ ही दोन माणसं एकमेकांना जोखत असतात. बायका आहेत, पण गोष्ट त्यांची नाही. मास्तराच्या कानावर मारुती कांबळे हे नाव पडतं आणि त्या माणसाचं पुढे काय झालं, एवढंच त्याला हवं असतं. तो ते विचारत राहतो. गोड बोलून, दारू पाजून, दरडावूनही त्याचं तोंड बंद होत नाही.

आईनं तो लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी पाहिला. सिन्नरहून, माहेरून, तिचा भाऊ तिला नाशिकला घेऊन गेला होता. परतीच्या यष्टीत ती एक शब्द बोलली नाही, असं मामा सांगायचा. त्याला वाटलं, सिनेमा तिला कळला नसावा.

ती 1970 साली त्र्यंबकला या घरात सून म्हणून आली. पौरोहित्याचं घर. ओसरीवर आजोबा, माडीवर यजमान, मागे चुलीपाशी बायका. पहिल्या दिवाळीला माळा झाडताना तिला एक पत्र्याची पेटी सापडली. आत शाळेची पुस्तकं, एक परकर आणि वह्यांवर मुलीच्या अक्षरात लिहिलेलं नाव. तिनं सासूबाईंना विचारलं, "ही कोण?" सासूबाईंनी पेटी बंद केली. नवऱ्याला विचारलं, तो उठून बाहेर गेला. पुढे शेजारणीकडून कळलं: तिला एक नणंद होती. दोन वर्षांपूर्वी तिनं परजातीतल्या मुलाशी लग्न केलं होतं आणि आजोबांनी तिच्या नावानं अंघोळ केली होती.

'नावानं अंघोळ करणं' हा बाकीच्या महाराष्ट्रात वाक्प्रचार असेल. आमच्या गावात कुशावर्त आहे. आजोबा पहाटे घरातून निघाले, कुशावर्ताच्या पायऱ्या उतरले, जिवंत मुलीच्या नावानं त्यांनी बुडी मारली आणि ओल्या पंचानं घरी येऊन ओसरीवर बसले. त्या दिवसापासून आत्याचं नाव घरात उच्चारलं गेलं नाही. फोटो उतरले. भावंडांची संख्या सांगताना बाबा एक आकडा कमी सांगत. ती होती कुठे, जगली कशी, याची विचारपूसही कुणी केली नाही. आई मात्र अधूनमधून विचारायची. पापड लाटताना, कुणाचं केळवण निघालं की, मंगळागौरीला सवाष्णी मोजताना. "वन्सं कुठं असतील हो?" उत्तर यायचं नाही.

अशी बाई 'सामना' बघून गप्प होणार नाही तर काय? पडद्यावर एक दारुडा मास्तर तिचाच प्रश्न विचारत होता. त्यानं मिशा लावल्या होत्या आणि गोष्ट कारखान्याच्या गावातली होती, म्हणून ती परक्याची होत नव्हती.

हे सारं मला फार उशिरा कळलं. लहानपणी सिनेमाचे दोन भाग असतात, एवढंच मला ठाऊक होतं, आणि तेही मी दोरीवरून शिकलो. आजोळच्या बाजूला एका जत्रेत तंबू टॉकीज यायची. जमिनीवर बसायचं, खाली पोतं अंथरायचं आणि मधोमध एक काथ्याची दोरी ताणलेली. अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. पोरं दोरीखालून हवी तशी ये-जा करत. मी आईच्या मांडीवर सुरुवात करायचो, मामाच्या खांद्यावर झोपायचो. नऊ वर्षांचा असताना मामानं माझा दंड धरला आणि म्हणाला, "आता इकडेच बसायचं." तोच पडदा, तेच यंत्र, तोच रिळाचा खरखराट. पण त्या वर्षी मला पहिल्यांदा पलीकडचं हसू वेगळं ऐकू आलं. मारामारी सुरू झाली तेव्हा आमच्या बाजूच्या शिट्ट्यांपेक्षा बायकांचा कल्ला मोठा होता. एका म्हातारीनं तर खलनायकाला उभं राहून शिव्या घातल्या. मी आईला हुडकत होतो. अंधारात ती दिसली नाही.

घरी आलो की तीच दोरी शब्दांतून असायची. 'मारधाडीचा' म्हणजे आपला. 'रडका' म्हणजे बायकांचा. 'कौटुंबिक' म्हटलं की बाबा वर्तमानपत्र उचलत. आणि तरीही बाबांचा आवडता सिनेमा 'मोलकरीण' होता. 1963 चा. सुलोचनाबाईंची ती आई, जी स्वतःच्याच मुलाच्या घरात मोलकरीण होऊन राबते. बाबा तो चारचौघांत कधी सांगत नसत. रेडिओवर त्यातलं गाणं लागलं की गंध उगाळणारा त्यांचा हात मंदावे, एवढ्यावरून आम्हाला ठाऊक. आईला पुरुषांचा सिनेमा आवडायचा आणि बाबांना बायकांचा. एकाच छपराखाली राहून दोघांनी त्याबद्दल एकमेकांशी कधी बोलल्याचं मला स्मरत नाही.

सिनेमा बाईचा की पुरुषाचा, हा प्रश्न इतर कुठल्याही गावानं सोडून द्यावा. त्र्यंबकला तो सोडता येत नाही. 30 एप्रिल 1870 रोजी या गावात दाजीशास्त्री फाळक्यांच्या घरी धुंडिराज जन्मला. आमच्यासारख्याच घरातला मुलगा. संस्कृत, पूजापाठ, पंचांग, सोवळंओवळं, सगळं आमच्यासारखंच. या मुलानं पुढे जे केलं ते बाई आणि पुरुष यांच्या बाबतीत इतकं गुंतागुंतीचं आहे, की त्यापुढे आपल्या आजच्या पाट्या फार पोरकट वाटतात.

त्याच्याही आधीचं थोडं सांगतो. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली गेली. काही दिवसांत ती नॉव्हेल्टी थिएटरात गेली आणि तिथं पडदानशीन बायकांसाठी वेगळे बॉक्स राखले गेले. चित्रांत होतं काय? गाडी स्टेशनात शिरते, कामगार कारखान्यातून बाहेर पडतात, माणसं भिंत पाडतात, समुद्रात पोहणारे उड्या मारतात. आगगाडी बायकांची की पुरुषांची, असा प्रश्न कुणाला पडला नसणार. म्हणजे आपल्याकडे पाटी आधी खुर्चीला लागली. ती खुर्चीवरून उतरून सिनेमाच्या अंगावर कधी चिकटली, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तंबूतली दोरी त्याच बॉक्सची गरीब नात.

फाळक्यांनी 1910 च्या सुमारास ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या येऊ लागली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. ही कथा आपण शाळेत वाचतो. तिच्यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो: तो चित्रपट पाहायला ते सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा गेले. पतीच्या डोक्यात जे शिरलं होतं ते त्या बाईनं त्याच अंधारात बसून पाहिलं. पुढे दागिने गहाण पडले. 1912 मध्ये फाळके लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. कच्ची फिल्म कडेला भोकं न पाडलेली यायची. ती भोकं रात्री अंधारात बसून पाडणं, फिल्म धुणं, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणं आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, हे सरस्वतीबाईंनी केलं. भारतातल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाची फिल्म हाताळणाऱ्या हातांना कणीक मळायची सवय होती. 'राजा हरिश्चंद्र'ला कुणी बायकांचा सिनेमा म्हटलं नाही. म्हणायचंच तर मी या कारणासाठी म्हणेन.

पडद्यावर मात्र त्यात बाई नव्हती. तारामतीसाठी फाळक्यांनी खूप शोध घेतला; कलावंतिणींच्या वस्तीतही जाऊन आले. तिथल्या बायकांनाही या कामात कमीपणा वाटला. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत स्वयंपाक करणारा पोरगा सापडला, अण्णा साळुंके. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांनी पतीसाठी विकली जाणारी, मुलासाठी आक्रोश करणारी राणी पाहिली, ती हा आचारी होता. चार वर्षांनी 'लंकादहन'मध्ये फाळक्यांनी त्याला सीता केलं. आणि रामही केलं. रावणानं पळवलेली तोच, आणि तिला शोधत रानोमाळ फिरणाराही तोच. मी अनेकदा विचार करतो, की कॅमेऱ्यापुढे सकाळी धनुष्य घेऊन आणि दुपारी पदर घेऊन उभं राहताना त्या माणसाच्या मनात काय होत असेल. विरह तर दोन्हीकडून एकच. पदराआडून पुरुषाचे दंड दिसत असतीलच, पण लोकांनी हात जोडले ते सीतेला.

मग 1913 चाच 'मोहिनी भस्मासुर'. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या आणि भारतीय पडद्यावर पहिल्यांदा बायका आल्या. आई पार्वती झाली, तेराएक वर्षांची मुलगी मोहिनी झाली. ही मोहिनी कोण? विष्णूनं घेतलेलं बाईचं रूप. आपल्या पडद्यावरची ही पहिली नायिका मूळचा देव, म्हणजे पुरुष. त्याची झालेली स्त्री. आणि ती वठवणारी खरीखुरी मुलगी. पुढे नाशिकला 'श्रीकृष्णजन्म' (1918) आणि 'कालियामर्दन' (1919) झाले, त्यात बाळकृष्ण झाली फाळक्यांची लेक मंदाकिनी. 'कालियामर्दन'च्या सुरुवातीला ती आधी साधी मुलगी म्हणून दिसते, चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते, आणि मग तोच चेहरा कृष्णाचा होतो. बापानं काही लपवलं नाही. ही माझी सात वर्षांची मुलगी, हिला नीट बघा, आता ही नंदाचा कान्हा आहे. प्रेक्षकांना त्याचं काही वाटलं नाही. ती कालियाच्या डोक्यावर नाचली तेव्हा देव नाचला.

आमच्या देवळाच्या गाभाऱ्यात बायकांनी जायचं की नाही, यावरून 2016 साली गावात किती रान उठलं ते मी इथंच राहून पाहिलं. तेव्हा मला सारखी मंदाकिनी आठवत होती. याच गावच्या माणसानं शंभर वर्षांपूर्वी आपल्या मुलीला देव केलं होतं आणि लोकांनी नमस्कार केला होता.

आता 1991 सांगतो.

त्या वर्षी 'माहेरची साडी' आला. विजय कोंडक्यांचा, अलका कुबल यांचा. मूळ एका राजस्थानी चित्रपटाची ही मराठी आवृत्ती. खेड्यापाड्यांतून बायका ट्रॅक्टर, टेम्पो करून तालुक्याला जात होत्या. रुमाल घेऊन जा, असं एकमेकींना सांगत होत्या. आमच्या आळीतल्या बायकांनीही ठरवलं. मी तेरा वर्षांचा होतो, मिसरूड फुटत होती आणि बायकांच्या सिनेमाला जाणं म्हणजे शाळेत तोंड दाखवायला जागा उरणार नाही, अशी माझी पक्की खात्री. मला फक्त बसथांब्यावर पोचवायला पाठवलं होतं. थंडी होती. ब्रह्मगिरीवर धुकं होतं. पाच बायका नाशिकच्या यष्टीत चढल्या. आईच्या पिशवीत डबा होता आणि डब्याखाली कागदात गुंडाळलेलं काहीतरी. मी विचारलं, तर "तुझं काय काम?" म्हणाली.

त्या कागदात एक इरकल होती. नाशिकला टॉकीजच्या दारात आत्या उभी होती.

आईनं तिला कसं शोधलं ते तिनंच मला पुढे सांगितलं. पत्र लिहिणं शक्य नव्हतं. घरातली पत्रं ओसरीवर वाचली जात. पण बांगड्या भरायला एक कासारीण यायची, ती नाशिकरोडच्या वस्तीतही फिरायची. आत्याचे यजमान तिथं प्रेसमध्ये कामाला होते. निरोप जायला दोन वर्षं लागली आणि भेटायचं कुठं हे ठरायला आणखी एक. देवळात भेटावं तर गावचं कुणीतरी भेटणार. गंगेवर भेटावं तर तिथं आमचेच भाऊबंद. बाजारात, दवाखान्यात, सगळीकडे पुरुष. आणि मग असा एक सिनेमा आला की ज्याच्या टॉकीजकडे आमच्या घराण्यातला एकही पुरुष फिरकणार नव्हता. पाटीच लागली होती ना. तो बायकांचा.

दोघी शेजारी बसल्या. तीन तास. आई म्हणे, पडद्यावर काय चाललं होतं ते निम्मं मला दिसलंच नाही. सगळं थिएटर रडत होतं, त्यात आम्ही दोघी कशासाठी रडतोय ते कुणाला कळणार? मध्यंतरात आईनं साडी दिली. "माहेरची आहे," म्हणाली. सोबतच्या चौघीजणींनी पाहिलं आणि एकीनंही आयुष्यात कधी त्याचा उच्चार केला नाही.

म्हणून पाट्यांबद्दल बोलताना मला जरा जपून बोलावं लागतं. त्या पाटीनं एका दुपारी माझ्या आत्याला माहेर मिळवून दिलं. ती नसती तर त्या दोघी भेटल्या असत्या की नाही, सांगता येत नाही. 2023 साली 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा नऊवारी नेसून, गजरे माळून, घोळक्यानं निघालेल्या बायका मी नाशिकला पाहिल्या. सहा बहिणींची, मंगळागौरीच्या खेळांची ती गोष्ट. रस्त्यावर कुणीतरी नाक मुरडून म्हणालं, "बायकांची जत्रा." मी त्या घोळक्याकडे बघत राहिलो. कोण कुणाला किती वर्षांनी भेटत असेल, कुणाच्या पिशवीत काय असेल, कुणाला ठाऊक. बायकांनी स्वतः म्हणावं की हा सिनेमा आमचा. त्यांचा तो हक्क आहे. त्या वेळी ती दोरी त्यांच्या हातात असते. मला खुपते ती दुसऱ्या टोकानं ताणलेली दोरी, जिच्यामुळे बाप वर्तमानपत्र उचलतो आणि तेरा वर्षांचा मुलगा बसथांब्यावरून माघारी फिरतो.

कारण मी तो सिनेमा पाहिला नाही, आणि तो खरा मीच पाहायला हवा होता. पंचविशी उलटल्यावर एका दुपारी टीव्हीवर पाहिला. इतकी वर्षं सासुरवास, अलकाताईंचे अश्रू, उषा नाडकर्णींची सासू, एवढंच ऐकलेलं. पाहायला बसलो तर गोष्टीच्या मुळाशी एक बाप आहे. जन्मापासून मुलीला अपशकुनी ठरवून तिच्यावर राग धरून बसलेला. त्याची अढी सुटत नाही आणि तिथून मुलीची परवड सुरू होते. तो हट्ट जर पहिल्याच भागात सुटला असता, तर पुढचा सिनेमाच झाला नसता. मला घाम फुटला. हा आमच्या ओसरीवरचा सिनेमा होता. हजारो बायका ट्रॅक्टरमधून जाऊन जे पाहून रडत होत्या ते त्यांना आधीपासून माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं ते घरी बसून म्हणत होते, बायकांचा आहे.

तो बाप झाले होते विक्रम गोखले. त्यांच्या आजी कमलाबाई गोखले, म्हणजे फाळक्यांची ती तेरा वर्षांची मोहिनी. आणि दुर्गाबाई त्यांच्या पणजी. ज्या घराण्यातल्या मायलेकी पहिल्यांदा पडद्यावर उभ्या राहिल्या, त्याच घराण्यातला पुरुष अठ्ठ्याहत्तर वर्षांनी 'बायकांच्या' सिनेमात एका हट्टी बापाचा चेहरा होऊन आला होता. तो चेहरा फार चांगला वठला होता. मला त्याच्यात आजोबा दिसले.

आपल्या कायद्यानंही चित्रपटाला बाई-पुरुष विचारलेलं नाही. 1952 चा कायदा वय विचारतो. सर्वांसाठी की प्रौढांसाठी. 1983 मध्ये त्यात पालकांच्या मार्गदर्शनाची एक पायरी आली आणि डॉक्टरांसारख्या विशिष्ट व्यवसायातल्यांसाठी एक वेगळी. दोरी बांधण्याचं काम आपण कायद्याविना, आपल्या खुशीनं केलं आहे. पोस्टर रंगवणाऱ्यानं थोडं, तिकीट विकणाऱ्यानं थोडं, आणि उरलेलं जेवणाच्या पानावर बसून आम्ही.

त्या रात्रीचं एक राहिलं. आई नाशिकहून दिवेलागणीला परतली. रात्री बाबा जेवायला बसले. आजोबांचं आधीच उरकलं होतं. ते ओसरीवर कांबळं पांघरून पडले होते. बाबा कधीच विचारत नसत, पण त्या दिवशी त्यांनी विचारलं, "कसा होता सिनेमा?" आईनं सांगायला सुरुवात केली. पहिल्यापासून. मुलगी जन्मली तिथपासून. मी उंबऱ्यावर गणिताची वही घेऊन बसलो होतो. आई एरवी तुटक बोलायची, त्या दिवशी तिनं एकही प्रसंग गाळला नाही. बापाचं बोलणं आलं की ती आवाज मुद्दाम थोडा चढवायची, ओसरीपर्यंत जाईल इतका. बाबांचं जेवण संपलं होतं. ते उठले नाहीत. उष्टा हात तसाच, पानावर. बोटांवरचा भात वाळून पांढरा झाला. गोष्ट संपल्यावर त्यांनी विचारलं, "शेवटी बाप येतो का?" आई म्हणाली, "येतो. पण फार उशीर झालेला असतो." बाबा मोरीवर गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले.

ओसरीवरून काही आवाज आला नाही. आजोबा जागे होते की झोपले होते, हे मी आजही सांगू शकत नाही.

सिनेमा तोवर मी पाहिला नव्हता, बाबांनी पाहिला नव्हता. पण त्या रात्री आम्ही दोघांनी तो चुलीपाशी ऐकला. पुढच्या संक्रांतीला बाबा एकटेच नाशिकरोडला गेले. आजोबांना कळू न देता गेले. पुढे ते दर संक्रांतीला जात. आजोबांपुढे जाऊन बोलायचं धाडस त्यांना शेवटपर्यंत झालं नाही, आणि त्याचं त्यांना अखेरपर्यंत वाईट वाटत राहिलं. 1998 मध्ये आजोबा गेले. आत्याला निरोप दुसऱ्या दिवशी पोचला. लग्न झालेल्या मुलीला बापाचं तीन दिवसांचं सुतक. तिनं ते नाशिकरोडच्या दोन खोल्यांत पाळलं. चाळीच्या नळाखाली डोक्यावरून बादलीभर पाणी घेऊन अंघोळ केली, कुणाला न सांगता. तीस वर्षांपूर्वी त्यांनी केली होती तिच्या नावानं. ही तिनं केली त्यांच्या.

आई आता नाही. आत्या शहाऐंशी वर्षांची आहे आणि यजमान गेल्यापासून आमच्याकडे त्र्यंबकला राहते, ज्या माळ्यावर तिची पेटी होती त्याच्या बरोबर खालच्या खोलीत. गुडघ्यांमुळे तिला देवळापर्यंतही जाववत नाही. संध्याकाळी मी तिला सिनेमा लावून देतो. एकदा मी मोठ्या उत्साहानं 'माहेरची साडी' लावला. अर्ध्या तासानं ती म्हणाली, "बंद कर रे. किती रडतात. त्या दिवशी मी कुठं बघितला होता? मी वहिनीकडे बघत होते."

तिला आवडतो 'दो आँखें बारह हाथ'. शांतारामबापूंचा, 1957 चा, कथा गदिमांची. सहा खुनी आणि एक जेलर. जेलर त्यांना तुरुंगाच्या भिंतींबाहेर माळरानावर घेऊन जातो, बेड्या घालत नाही, शेती करायला लावतो. औंध संस्थानानं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची अशी खुली वसाहत खरोखर केली होती, तिच्यावर बेतलेला. संध्याबाईंची खेळणी विकणारी सोडली तर जवळजवळ सगळे पुरुष. दाढ्या वाढलेले, आडदांड. दर आठ-दहा दिवसांनी आत्या तोच लाव म्हणते. कैदी जेलरला सोडून पळतात तो भाग आला की ती विणकाम बाजूला ठेवते. खुर्ची पुढे ओढायला मला खुणावते. मी ओढून देतो. तिला पुढचं सगळं पाठ आहे, तरी ती पडद्याच्या अगदी जवळ जाऊन, चष्मा वर सरकवून बघत राहते, ते वाटेत थांबतात का, मागे वळतात का.